चुनी टोपल्याने मोजू नका

नागपूरकडे गाईच्या खाद्यासाठी दालमिलची तुरीची चुनी (डाळ करताना उरलेला चुरा), हरभऱ्याची टरफलं, सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) सहज मिळतं. पण कुटार फुलकं अन् चुनी जड, म्हणून टोपलं सोडा, काट्यावर तोला. मूठभर कोरडी टरफलं पाण्यात टाकून पाहा, कशी फुगतात! ती भिजवूनच घाला, धूळही बसते.

खरी गोष्ट कणाच्या लांबीची. बारीक चुनीत तंतू असतो, पण तो गाईला रवंथ करायला लावत नाही. मग लाळ कमी सुटते, पोटात आम्लता वाढते. सोबत बोटाच्या दोन पेरांएवढा कापलेला कडबा हवाच. दुपारी गाय निवांत रवंथ करत बसली की एका घासाचं चावणं मोजा. 50-60 वेळा चावत असेल तर ठीक. 40च्या खाली गेलं तर त्याच दिवशी कडबा वाढवा.