बुरशीची तपासणी करून घेताय? या चुका टाळा

कपाट सरकवलं आणि मागच्या भिंतीवर काळपट-हिरवे ठिपके दिसले, की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर ब्लीच आणि घासणी घेऊन भिंतीला भिडतात, नाहीतर घाबरून तपासनिसाला फोन लावतात आणि विचारतात, "ही बुरशी कुठल्या जातीची? विषारी आहे का?" फोन लावणारा जास्त शहाणा वाटतो खरा, पण त्याचा प्रश्नच चुकलाय. बुरशीचं नाव कळल्याने भिंत कोरडी होत नाही. बुरशीचे बीजाणू प्रत्येक घराच्या हवेत, धुळीत, कपड्यांवर असतातच; त्यांना पाणी मिळायचीच काय ती खोटी. तपासणी मुळात त्या पाण्याचा माग काढण्यासाठी असते. खालच्या जवळजवळ सगळ्या चुका हे विसरल्यामुळे होतात.

समोर दिसतेय, तरी हवेचा नमुना

भिंतीवर बुरशी डोळ्यांना दिसत असताना हवेची चाचणी करून ती "आहे" हे सिद्ध करायचं कशाला? अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए हेच सांगते: बुरशी दिसत असेल तर बहुतेक वेळा नमुने घ्यायची गरज नसते. जात कुठलीही निघाली तरी काम तेच राहतं. पाणी थांबवा, भिजून खराब झालेलं काढा, उरलेलं स्वच्छ करून वाळवा.

मग चाचणी कधी करायची? कुबट वास येतो पण दिसत काहीच नाही, तेव्हा. घरमालक आणि भाडेकरूत किंवा वरच्या-खालच्या मजल्यांत वाद आहे आणि हातात कागद हवाय, तेव्हा. घरात प्रतिकारशक्ती खालावलेला रुग्ण आहे आणि डॉक्टरांनीच विचारलंय, तेव्हा. किंवा डाग बुरशीचा की काजळीचा हेच ओळखू येत नाही, तेव्हा. या शेवटच्या कामाला तर हवेचा नमुना लागतही नाही. पारदर्शक चिकटपट्टी डागावर दाबून उचलायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, एवढ्यावर भागतं.

रिपोर्टमधला आकडा जसाच्या तसा वाचणं

हवेच्या नमुन्यासाठी बहुतेक वेळा एक छोटा पंप मिनिटाला १५ लिटर या वेगाने ५ मिनिटं हवा ओढतो. म्हणजे ७५ लिटर. त्यातले बीजाणू एका चिकट काचपट्टीवर अडकतात, लॅबमध्ये मोजले जातात आणि मग घनमीटरला, म्हणजे १००० लिटरला, किती असा हिशोब करून लिहिले जातात. गुणक आला साधारण १३. तेव्हा रिपोर्टमध्ये "१३" दिसलं, तर प्रत्यक्षात सापडला एकच बीजाणू. हॉलमध्ये १३ आणि बेडरूममध्ये ४०, म्हणजे तिप्पट, असं वाचून लोकांची झोप उडते. खरं प्रकरण एक विरुद्ध तीन एवढंच असतं. त्यातून पट्टीचा फक्त पाव भाग मोजला असेल, तर त्या एका बीजाणूचे कागदावर ५३ होतात. म्हणून रिपोर्ट हातात आला की आधी तीन गोष्टी शोधा: प्रत्यक्ष मोजलेले बीजाणू किती, हवा किती लिटर ओढली, पट्टीचा किती भाग पाहिला. नसतील तर मागून घ्या.

दुसरं म्हणजे, या आकड्यांना सुरक्षित आणि असुरक्षित अशी सर्वमान्य रेषाच नाही. ईपीएने ती आखलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही बीजाणूंची मर्यादा नाही. घरात ओल आणि बुरशी राहू देऊ नका, यावर सगळा भर आहे. तेव्हा कुणी लाल-पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांत "धोक्याची पातळी" छापून दिली, तर ती कुणी ठरवली हे त्याला जरूर विचारा.

तुलना करायची ती त्याच दिवशी, त्याच सुमारास घेतलेल्या बाहेरच्या हवेशी. बाहेरचा नमुनाच घेतला नसेल तर आतल्या आकड्यांचं लोणचं घालायचं का? आणि नुसती बेरीज पाहू नका, जाती पाहा. क्लॅडोस्पोरियम बाहेर भरपूर आणि आत त्याहून कमी, हे नेहमीचं चित्र. बाहेर जेमतेम आणि आत मात्र पेनिसिलियम-ॲस्परजिलस गटाचे झुबके, हे चित्र घरात कुठेतरी वाढ असल्याचं सुचवतं. (या दोघांचे बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून त्यांची नावं जोडीने येतात. ती लॅबची चूक नव्हे.) पावसाने बाहेरच्या हवेचं गणित पार बदलतं, तेव्हा नमुन्याच्या दिवशी हवामान कसं होतं याची नोंद हवीच.

"हवेत काहीच आढळलं नाही" यावरही हुरळून जाऊ नका. ओल्या जिप्सम बोर्डावर किंवा पुठ्ठ्यावर वाढणाऱ्या स्टॅकिबॉट्रिसचे बीजाणू चिकट असतात, सहजी उडत नाहीत. फॉल्स सिलिंगच्या वर ती पसरलेली असली, तरी पाच मिनिटांच्या हवेत तिचा पत्ता नसू शकतो.

उघड्या बशीचा किट

बशी उघडी ठेवा, झाकण लावा, काही दिवसांनी बुरशी उगवली तर घरात बुरशी आहे! १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगच्या प्रयोगशाळेतल्या बशीवर हवेतून येऊन बुरशी उगवली आणि त्यातून पुढे पेनिसिलिन मिळालं. पण त्यावरून त्यांच्या खोलीच्या भिंतींना ओल होती असं कुणी म्हटलं नाही. खाऊ घातलं की हवेतली बुरशी उगवतेच. बशीवर किती हवा फिरली याचा हिशोब नाही, जड बीजाणू लवकर पडतात आणि हलके तरंगत राहतात, मेलेले तर उगवतच नाहीत, जरी त्यांनी ॲलर्जी होऊ शकत असली. या किटवर खर्च करण्यापेक्षा आर्द्रता दाखवणारं साधं हायग्रोमीटर घ्या.

तपासनीस येण्याआधी घर आवरणं

पाहुणे येणार म्हणून आवरतो तसं लोक आवरतात. डाग पुसतात, त्यावर रंगाचा हात मारतात, रूम फ्रेशनर मारतात, सगळ्या खिडक्या उघडतात. डागाचा आकार, कडा आणि जागा हाच तपासनिसाचा पुरावा. तो तुम्हीच पुसलात. हवेचे नमुने घ्यायचे असतील तर दारं-खिडक्या किती तास बंद ठेवायच्या हे त्यालाच आधी विचारा, एसी नेहमीसारखा चालू द्या, आणि त्या सकाळी झाडलोट नको. डाग फारच डोळ्यांत खुपत असेल तर शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा आणि गप्प बसा. भिंत स्वतः फोडून बघण्याचा मोह तर टाळाच. आतली सुकी वाढ एका फटक्यात घरभर उडते.

यंत्रावर आंधळा विश्वास

थर्मल कॅमेऱ्याच्या पडद्यावर निळा पट्टा दिसला की "बघा, पाणी!" असं ऐकू येतं. कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, पृष्ठभागाचं तापमान दिसतं. निळा पट्टा म्हणजे गार जागा. ती ओलीने गार असेल, एसीच्या झोताने असेल, नाहीतर आतल्या काँक्रीटच्या तुळईमुळे. तिथे ओल मोजणारा मॉइश्चर मीटर लावून खात्री केली नसेल तर ते चित्र नुसतंच रंगीत. मीटरही फसतो: भिंतीतले क्षार, लोखंडी सळ्या, धातूचा थर असलेला वॉलपेपर यांनी वाचन वर जातं. म्हणून चांगला तपासनीस तशाच दुसऱ्या कोरड्या भिंतीवर आधी मीटर लावतो आणि दोन्ही आकडे लिहून ठेवतो.

ओल एकाच प्रकारची असते असं समजणं

सगळ्यात जास्त खर्च इथे वाया जातो. गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं आणि बुरशी पुन्हा तिथेच, कारण पाणी गच्चीतून येतच नव्हतं.

डाग वाचायला शिका. छतावर तपकिरी कडेचा गोलसर डाग: वरून गळती. जमिनीपासून वर चढत गेलेली ओल, तिच्या वरच्या कडेला पांढरा लोणा (भिंतीतून बाहेर आलेले क्षार) आणि सुटलेले पोपडे: जमिनीतून शोषलं जाणारं पाणी. खोलीचे बाहेरच्या बाजूचे कोपरे, कपाटामागची किंवा पलंगामागची भिंत, खिडकीच्या चौकटीभोवती पसरलेले बारीक ठिपके, आणि भिंत तशी कोरडीच: हवेतली वाफ गार भिंतीवर निवतेय.

हा तिसरा प्रकार लोकांना पटतच नाही, कारण "गळती" सापडत नाही. खोलीत ३० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर साधारण २४ अंशांच्या पृष्ठभागावर दव धरतं. शेजारच्या एसीच्या खोलीने गार केलेली भिंत सहज तेवढी उतरते. शिवाय बुरशीला थेंब दिसावे लागतात असंही नाही. भिंतीला चिकटलेल्या हवेची आर्द्रता दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली तरी तिचं भागतं. आतल्या हवेची आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली, जमल्यास ३० ते ५० च्या दरम्यान ठेवा, असा ईपीएचा सल्ला आहे तो म्हणूनच.

तपासनिसाला बोलावण्याआधी घरीच करून पाहण्यासारख्या काही गोष्टी आहेत. ॲल्युमिनियम फॉइलचा चौकोन भिंतीवर चारही कडांनी घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवस ठेवा. फॉइलच्या बाहेरच्या अंगावर ओल आली तर ती खोलीतल्या हवेची. खाली, भिंतीकडच्या बाजूला आली तर भिंतीतली. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा फोटो काढा, दोन तासांनी पुन्हा काढा. काटा सरकला असेल तर कुठेतरी दाबाखालची पाइप गळतेय. काटा जागचा हलला नाही आणि ओल मात्र न्हाणीघर वापरल्यावरच वाढते, तर संशय ड्रेनवर किंवा टाइलांमधल्या फटी बुजवणाऱ्या ग्राउटवर घ्या. आणि पांढरी बुरशी म्हणून जिचा धसका घेतलाय तिच्यावर पाण्याचा थेंब टाका. विरघळली तर तो लोणा, म्हणजे क्षार. बुरशी पाण्यात विरघळत नाही.

"काळी बुरशी" या शब्दाने गारठणं

२०२१ मध्ये कोविडच्या लाटेत म्युकरमायकोसिसला सर्रास "काळी बुरशी" म्हटलं गेलं आणि तेव्हापासून भिंतीवरचा काळा डाग पाहून काहींच्या पोटात गोळा येतो. त्या आजारातला काळेपणा मेलेल्या ऊतींचा असतो, बुरशीच्या रंगाचा नव्हे. भिंतीवर काळी दिसणारी बुरशी क्लॅडोस्पोरियम असू शकते, ॲस्परजिलस असू शकते, स्टॅकिबॉट्रिसही असू शकते; रंगावरून जात ठरत नाही आणि जातीवरून धोका मोजता येत नाही. स्टॅकिबॉट्रिसचा बागुलबुवा मोठा झाला तो १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांत झालेल्या रक्तस्रावाच्या घटनांमुळे. पुढे तिथल्याच रोगनियंत्रण संस्थेने, सीडीसीने, त्या तपासाची फेरपाहणी केली आणि हा संबंध सिद्ध झालेला नाही असं २००० मध्ये जाहीर केलं. याचा अर्थ बुरशी निरुपद्रवी आहे असा मुळीच नाही. दमा, ॲलर्जी, नाक-घसा-खोकल्याचा त्रास हे ओलसर घरात वाढतात, मग बुरशी काळी असो की हिरवी. त्रास होणाऱ्याने डॉक्टरकडे जावं. भिंतीचा रिपोर्ट म्हणजे माणसाचं निदान नव्हे.

तपासणारा आणि साफ करणारा एकच

जो साफसफाईचं बिल लावणार, त्यालाच बुरशी किती आहे हे विचारण्यात काय हशील? अमेरिकेत टेक्सास आणि न्यूयॉर्क या राज्यांनी एकाच कामात दोन्ही भूमिका घ्यायला कायद्यानेच मज्जाव केलाय. कायदा नसेल तिथे ही शिस्त आपणच पाळायची. फोनवर एक प्रश्न विचारून पाहा: "आल्यावर सगळ्यात आधी काय कराल?" उत्तर "किती खोल्या आहेत, किती नमुने घेऊ" असं आलं तर दुसरा माणूस शोधा. चांगला माणूस उलट तुम्हालाच प्रश्न विचारेल: ओल कधीपासून, कुठल्या ऋतूत वाढते, मध्ये काय दुरुस्ती केली. लॅबला आयएसओ १७०२५ (चाचणी प्रयोगशाळांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक) मानांकन आहे का, तेही त्याच फोनवर विचारून घ्या.

साफसफाईनंतर घाईने गिलावा

काम झालं, वास गेला, लगेच प्लास्टर आणि रंग. इथे थांबा. भिंत झाकण्याआधी तिसऱ्या माणसाकडून पाहणी करून घ्या: डोळ्यांना डाग किंवा धूळ दिसत नाही, वास नाही, आणि मीटरचं वाचन कोरड्या भिंतीच्या बरोबरीला आलंय. हवेचा नमुना घ्यायचाच असेल तर हवा गाळणारी यंत्रं बंद करून, थोडा वेळ जाऊ देऊन घ्या. त्यांच्यातले हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतात, ती चालू असताना हवा स्वच्छ निघणारच. भिंत आतून वाळायला वाटतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि ओल्या गिलाव्यावर लावलेला बुरशीरोधक रंगही पोपडे धरून सुटतो.

त्यानंतर तीच जागा काही आठवड्यांत पुन्हा काळवंडली, तर नवी चाचणी करू नका. जुना रिपोर्ट काढा आणि पाण्याचा उगम म्हणून त्यात काय लिहिलंय ते पाहा. तो रकाना रिकामा असेल, तर तपासणी अजून झालेलीच नाही.