आरपीजी खेळताना रूल मधे येत असतील तर काय करायचं

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट, टिळकवाडीत आमच्या घरी पाचजण आरपीजी खेळायला बसलेलो, म्हणजे प्रत्येकानं एकेक कॅरेक्टर घ्यायचं आणि फासे टाकत मिळून गोष्ट पुढं न्यायची, गोष्ट सांगणारा मी, बाहेर बेळगावचा तो न थांबणारा पाऊस आणि गोष्टीतही मी मुद्दाम पाऊसच ठेवलेला. गड आपल्या बेळगावच्या किल्ल्यावरनंच उचललेला, खंदकासकट. एकाचं कॅरेक्टर रात्री तटावरनं दोराला धरून उतरतंय, वरनं पहारेकरी ओरडतो "यारदु?" आणि वाकून त्याचं मनगटच धरतो. सगळे गप्प. चहा गार झाला तरी कुणाचं लक्ष नाही. आणि तेवढ्यात एकजण म्हणाला, लटकत असताना ग्रॅपलचा, म्हणजे पकडून धरायचा, रूल कसा लागतो गा? झालं, रूलबुक उघडलं, दोघं मोबाईलवर शोधायला लागले, एक म्हणतोय हे जुन्या एडिशनमधलं आहे, दुसरा म्हणतोय नाही, आणि उत्तर सापडलं तोवर तो गड कुणाच्याच डोळ्यासमोर नव्हता.

यावर बरेच लोक सांगतात की रूल कमी करा. मला ते पटत नाही. कॅरेक्टरला जो प्रश्न पडलाय तोच प्रश्न रूलनं खेळणाऱ्याला पाडला तर माणूस अजून आत ओढला जातो, आणि भलताच प्रश्न पाडला की बाहेर पडतो. दोराला लटकलेल्याच्या मनात "हात सुटेल काय" एवढंच असतं, बोनस कुठला मिळतो हे नसतं.

ड्रेड नावाचा गेम बघा, त्यात फासेच नाहीत, टेबलावर जेंगाचा मनोरा असतो, अवघड काही करायचं तर त्यातला एक ठोकळा ओढायचा आणि मनोरा पडला की तुमचं कॅरेक्टर गोष्टीतनं गेलं. रूल एकच, पण ठोकळा ओढताना हात खरोखर थरथरतो, घाबरल्याची ॲक्टिंग करावी लागत नाही. १९८१ च्या कॉल ऑफ कथुलु नावाच्या गेममध्ये स्किल ४५ असेल तर शंभरच्या फाशांवर ४५ किंवा खाली पडलं पाहिजे, झालं, पहिल्यांदा खेळणाऱ्यालाही आपले चान्स किती ते लगेच कळतात. म्हणून आपल्या गेममधला एकेक रूल घ्या आणि बघा की फासा हातात असताना खेळणारा कशाचा विचार करतोय. कॅरेक्टरच्याच काळजीचा असेल तर रूल ठेवा, हिशोबाचा असेल तर सोपा करा.

डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स हा आरपीजी, १९७४ साली आला तो छोट्या सैनिकांच्या वॉरगेममधनं, त्यामुळं लढाईचे रूल त्यात पहिल्यापासून दाट आहेत आणि गोष्ट छान रंगलेली असताना "इनिशिएटिव्ह टाका" (लढाईत कुणाची पाळी आधी ते ठरवायचा फासा) म्हटलं की सगळे एकदम मोजणीवर येतात. मी आता इनिशिएटिव्ह सेशनच्या सुरवातीलाच टाकून घेतो आणि कागदावर लिहून ठेवतो, लढाई लागली की डायरेक्ट पहिल्याकडं बघून "काय करालास?" एवढंच विचारायचं. २०१४ च्या पाचव्या एडिशनमधली एक गोष्ट मात्र मला फार आवडते, प्लस दोन मायनस एक करत बसण्याऐवजी दोन फासे टाकायचे आणि परिस्थिती वाईट असेल तर लहान आकडा घ्यायचा. "दोर ओला आहे, दोन टाक, लहान घे" हे वाक्य गोष्टीतलंच वाटतं.

रूल आठवत नसेल तर शोधायचं नाही. वीस बाजूंच्या फाशावर किती पडले पाहिजेत, सोपं असेल तर १०, मध्यम १५, अवघड २०, मनानं ठरवायचं, सांगायचं आणि चिठ्ठीवर लिहून पुढं जायचं, सेशन संपल्यावर कुंदा खाताना खरा रूल बघायचा. पण कॅरेक्टर मरायची वेळ असेल तर थांबा आणि बघाच, कारण वर्षभर सांभाळलेलं कॅरेक्टर अंदाजानं मेलं तर तो माणूस पुढच्या वेळी मनापासून खेळत नाही. ग्रुपमध्ये ज्याला रूल पाठ आहेत त्याला गप्प बसवू नका, त्याच्याकडं पुस्तक द्या, त्यानं बाजूला बघून ठेवायचं आणि ब्रेकमध्ये सांगायचं, त्यालाही बरं वाटतं. जादूवाल्यांनी आपापले स्पेल आपल्या शब्दात कार्डावर लिहून आणायचे.

आणि आकडा नेहमी नंतर सांगा. "आठ डॅमेज" म्हटलं की सगळे कॅरेक्टरचे आकडे लिहिलेल्या शीटकडं बघतात, "खांद्यात भाला घुसलाय, ढाल उचलवेना, आठ कमी कर" म्हटलं की आधी खांदा दिसतो. रूलबुक इंग्लिशमध्ये असलं तरी माणसं आपल्या भाषेत बोलू द्या, आमचा पहारेकरी कन्नड बोलतो, पाटील मराठी बोलतो, ते ऐकलं की गाव कुठलं हे वेगळं सांगावं लागत नाही.

पुढच्या रविवारी आम्ही त्या दोरापासनंच सुरू केलं. मनगट धरलंय, दोर ओला, १५ पाहिजे, दोन टाक, लहान घे. पहिला पडला १८, सगळे ओरडले. दुसरा ९. दोर सुटला, पहारेकरी मनगट सोडेना, दोघं मिळून खंदकात. मी विचारलं, पोहायला येतंय काय रे तुझ्या माणसाला?