लॉरिन हिलचा अल्बम आणि माझं गेलेलं हुक

रॅप करायला, गायला नव्याने येणाऱ्या मुली विचारतात, 'ताई, सुरुवात कुठून करू?' मी म्हणते, आधी अमेरिकन रॅपर-गायिका लॉरिन हिलचा 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल' हेडफोन लावून आठवडाभर ऐक, मग बोलू.

ऑगस्ट 1998 मध्ये तिचा हा पहिला एकल अल्बम आला, तेव्हा ती 23 वर्षांची होती. त्याआधी फ्यूजीज या हिप हॉप ग्रुपमध्ये नाव झालेलं होतंच. अल्बमच्या सुरुवातीला शाळेची घंटा वाजते, मास्तर हजेरी घेतात, लॉरिन हिलचं नाव येतं आणि 'हजर' कुणीच म्हणत नाही. मधे मधे त्याच वर्गातल्या मुलांच्या प्रेमावरच्या गप्पा येतात. त्या न्यू जर्सीत तिच्या राहत्या घरी रेकॉर्ड केलेल्या. मास्तर झालेले रास बराका पुढे नेवार्कचे महापौर झाले! घरात आवाज घुमतो म्हणून रेकॉर्डिंग लांबणीवर टाकणाऱ्यांनी घरच्या या गप्पा मुद्दाम ऐकाव्यात.

गळ्याकडे नीट लक्ष द्या. व्हर्समध्ये, म्हणजे कडव्यात, शब्द फेकणारी तीच, हुकमध्ये, म्हणजे परत परत येणाऱ्या लक्षात राहणाऱ्या ओळींत, सोल गाणारी तीच आणि मागच्या कोरसमध्येही तिचेच थरावर थर. कॉम्प्रेसरने आवाज दाबून गुळगुळीत करणं तिला नको होतं. म्हणून श्वास, किंचित खरखर तशीच राहिली आहे. मी सुरुवातीला माझा प्रत्येक श्वास कापायचे. गाणं स्वच्छ व्हायचं, पण मढ्यासारखं.

आता श्रेयाचं आणि पैशाचं. फेब्रुवारी 1999 मध्ये तिला पाच ग्रॅमी मिळाले. 'अल्बम ऑफ द इयर' मिळवणारा हा पहिला हिप हॉप अल्बम. पण त्याआधीच, 1998 मध्ये, सोबत काम केलेल्या चौघा संगीतकारांनी दावा लावला होता: गाणी रचण्यात आमचाही हात आहे, श्रेय द्या. 2001 मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. खरं कोणाचं, ते त्यांनाच ठाऊक.

माझ्यावर मात्र उलट बाजूने पाळी आली. पुण्यातल्या एका स्टुडिओत, एका मित्राच्या गाण्यासाठी मी उभ्या उभ्या चार ओळींचं हुक लिहिलं, गायलं, वडापाव खाऊन घरी आले. गाणं आलं तेव्हा गीतकार म्हणून त्याचं एकट्याचं नाव. 'अगं, आपल्यात काय हिशोब?' म्हणाला. भांडायला हातात कागद नव्हता, मेसेजही नव्हता.

आपल्याकडे 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराकडून त्याचा रॉयल्टीतला, म्हणजे गाण्याच्या कमाईतला, वाटा सहज लिहून घेता येत नाही. पण आधी गीतकार म्हणून तुमचं नाव तर लागायला हवं. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सदस्यत्व घ्या, गाणं तिथे नोंदवा. आणि त्याच दिवशी, स्टुडिओतून निघण्याआधी, स्प्लिट शीट भरा: शब्द कोणाचे, चाल कोणाची, बीट कोणाचा, कोणाला किती टक्के, सगळ्यांच्या सह्या. छापील फॉर्म नसेल तर वहीचं पान चालतं. फोटो काढून ग्रुपवर टाका. मी आता चहा सांगतानाच पान फाडते. पोरं हसतात, पण सही करतात.