उन्हाळ्यातला लॅपटॉप आणि ओव्हरक्लॉकिंग : या चुका टाळा

जानेवारीच्या पहाटे जळगावात गोधडी सोडवत नाही आणि मे महिन्याच्या दुपारी पारा 45 अंशांना टेकतो. लॅपटॉपचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक कसा करावा, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने कसा चालवावा, हे शिकवणारे व्हिडिओ मात्र बहुतेक वेळा गारव्याच्या खोलीत तयार झालेले असतात. त्यांतले आकडे जसेच्या तसे उचलून आपल्या यंत्राला लावणे, ही भुसावळपासून नंदुरबारपर्यंतच्या मुलांच्या लॅपटॉपांत मला सर्वांत जास्त दिसलेली चूक आहे. डेस्कटॉपमध्ये मोठा हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता शोषून हवेत सोडणारा धातूचा ठोकळा, आणि मोकळी हवा असते. लॅपटॉपमध्ये बोटभर जाडीच्या पेटीत एक-दोन चपटे पंखे आणि काही तांब्याच्या नळ्या एवढाच संसार असतो, आणि बऱ्याच यंत्रांत त्याच नळ्यांवर ग्राफिक्स चिपचाही भार असतो. त्यामुळे इथे वेगाची हद्द उष्णता ठरवते, आणि त्या हद्दीतला बराचसा भाग आपल्याकडचे हवामान आधीच खाऊन बसलेले असते.

प्रोसेसर ओव्हरक्लॉक होतो की नाही, हे न पाहताच अनेक जण सॉफ्टवेअर उतरवून बसतात. इंटेलच्या लॅपटॉप प्रोसेसरांपैकी ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘एचके’ असते त्यांचा आणि ‘एचएक्स’ असलेल्या बहुतेकांचा गुणक, म्हणजे मूळ घड्याळाच्या किती पट वेगाने प्रोसेसर चालेल हे ठरवणारा मल्टिप्लायर, खुला, म्हणजे बदलता येणारा, असतो; ‘यू’, ‘पी’ किंवा नुसते ‘एच’ असेल तर तो कुलूपबंदच समजावा. अशा यंत्रात वेगाचे सरकपट्टे राखाडी दिसतात, म्हणून काही जण 100 मेगाहर्ट्झच्या मूळ घड्याळालाच हात घालायला निघतात. पण त्या घड्याळावर इतर भागही चालत असल्यामुळे प्रोसेसरच्या आधी भलतेच काहीतरी रुसते. या कुलपाबद्दल कंपन्यांना बोल लावणारे पुष्कळ आहेत. मला मात्र निम्म्या लॅपटॉपांच्या बाबतीत ते उपकारच वाटतात.

कुलूप उघडे असले की दुसरी चूक ठरलेली असते : वेग आणि व्होल्टेज एकदम वाढवणे. चिपला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा 4.0 गिगाहर्ट्झचे 4.4 केले आणि ते टिकावे म्हणून 1.10 व्होल्टचे 1.20 केले, तर वेग 10 टक्के वाढला, पण वीज, आणि तिच्याबरोबर उष्णता, सुमारे 31 टक्के वाढली. शिवाय वाढीव व्होल्टेज आणि तापमान यांमुळे चिपच्या आतल्या सूक्ष्म तारांतले धातूचे अणू हळूहळू सरकत जातात. ही झीज दिसत नाही, आणि आज जो वेग टिकतो तोच वर्ष-दोन वर्षांनी डळमळू लागतो. आजच्या बहुतेक लॅपटॉपांत प्रोसेसर मदरबोर्डवर झाळलेला असल्यामुळे तो बिघडला तर सुटा बदलता येत नाही, अख्खा बोर्डच बदलावा लागतो. म्हणून गुणक एका वेळी एकाच पायरीने वाढवावा, व्होल्टेज तसेच ठेवून चाचणी घ्यावी, म्हणजे प्रोसेसरवर पूर्ण भार टाकून पाहावे, आणि जिथे यंत्र अडखळेल तिथून एक पायरी खाली उतरून थांबावे.

आता तापमानाचा हिशेब. मी स्वतः एकदा जानेवारीत रात्री, 22 अंशांच्या खोलीत, तासभर चाचणी घेतली. प्रोसेसर 88 अंशांवर स्थिरावला आणि मी समाधानाने झोपलो. खोली आणि चिप यांच्यातला फरक 66 अंशांचा होता, आणि पंखे पूर्ण वेगाने फिरत असताना तेवढ्याच भाराला हा फरक साधारण तेवढाच राहतो. मे महिन्यात पत्र्याच्या छताखालची माझी खोली 38 अंशांवर गेली, तेव्हा बेरीज 104 झाली. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरांची हद्द 100 अंशांची असते आणि ती गाठताच चिप आपला वेग स्वतःहून पाडते, त्यामुळे वाढवलेला वेग तर गेलाच, वर यंत्र मूळ वेगापेक्षाही हळू चालू लागले. तेव्हापासून मी चाचणी दुपारी तीनच्या सुमारास घेतो. कूलरच्या भरवशावर राहणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की कोरड्या एप्रिल-मे महिन्यांत तो खोली खरोखर थंड करतो, पण पावसाला सुरुवात होऊन हवा दमट झाली की त्याचा प्रभाव ओसरतो. आणि कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवला तर वाऱ्याबरोबर येणारे पाण्याचे तुषारही पंखा आत ओढतो.

चाचणीचा निकाल वाचतानाही फसगत होते. प्रोसेसरला दोन वीजमर्यादा असतात : थोडा वेळ चालणारी वरची आणि कायम चालणारी खालची. पहिल्या अर्ध्या मिनिटात वरची मर्यादा लागू असताना आकडा छान दिसतो, स्क्रीनशॉट काढला जातो, आणि पुढे काय झाले ते कोणी पाहत नाही. चाचणी किमान अर्धा तास चालवावी आणि शेवटच्या दहा मिनिटांतला सरासरी वेग मूळ सेटिंगच्या सरासरीशी ताडून पाहावा. तो वाढलेला नसेल तर ओव्हरक्लॉक कागदावरच आहे.

धुळीबद्दल थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. माझ्या मावसभावाचा लॅपटॉप धरणगावकडच्या एका जिनिंगच्या ऑफिसात असतो. ‘दादा, याचा स्पीड वाढवून दे, फार हळू झालाय,’ असे म्हणून त्याने तो माझ्याकडे आणला. खालचे झाकण काढून पंखा सोडवला, तर पंखा आणि तांब्याच्या पात्यांच्या मधोमध रुईच्या तंतूंची एक पट्टी बसलेली होती. करड्या रंगाची, घोंगडीच्या तुकड्यासारखी घट्ट. चिमट्याने धरली तशी ती अखंड निघाली. वरून हवा मारून ती कधीच निघाली नसती, उलट आणखी आत दडपली गेली असती. ती काढून आणि चिपची उष्णता तांब्यापर्यंत पोचवणारी, पण वाळून गेलेली थर्मल पेस्ट बदलून भाराखालचे तापमान 17 अंशांनी उतरले, आणि ओव्हरक्लॉक करण्याचे कारणच उरले नाही. पेस्टच्या जागी लिक्विड मेटल, म्हणजे पातळ धातू, वापरण्याचा मोह नवख्याने टाळावा : त्यातले गॅलियम ॲल्युमिनियम खाते, आणि त्याचा एक थेंब बोर्डवर ओघळला तर शॉर्ट सर्किट होते.

चार्जरकडेही पाहावे. गावातल्या कमी-जास्त दाबाला दोष देण्याची आपली सवय असली, तरी लॅपटॉपचा ॲडॉप्टर बहुधा 100 ते 240 व्होल्टवर चालणारा असतो. अडचण त्याच्या वॅटमध्ये असते. खेळताना ग्राफिक्स आणि वाढवलेला प्रोसेसर मिळून ॲडॉप्टरपेक्षा जास्त वीज मागू लागले, की चार्जर लावलेला असूनही बॅटरी उतरते. प्लगमध्ये असताना टक्केवारी घसरत असेल, तर ते याचेच लक्षण. आतल्या उष्णतेने बॅटरीही लवकर म्हातारी होते; टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला तर बॅटरी फुगली आहे असे समजून वापर तिथेच थांबवावा.

ज्यांना खरोखर फायदा हवा आहे, त्यांनी उलट दिशेने जाऊन पाहावे, म्हणजे वेग तोच ठेवून व्होल्टेज थोडे थोडे, 10 मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी, कमी करावे. तापमान उतरते आणि टर्बो, म्हणजे प्रोसेसर स्वतःहून गाठतो तो वरचा वेग, जास्त वेळ टिकतो. मात्र डिसेंबर 2019 मध्ये व्होल्टेज कमी करण्याच्या याच सोयीतून हल्ला करू देणारी, प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षा-त्रुटी जाहीर झाली आणि त्यानंतर अनेक कंपन्यांनी बायोसच्या, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीच्या, अपडेटमधून ही सोय बंद केली. तेवढ्यासाठी जुना बायोस चढवण्याचा सल्ला मी कोणाला देणार नाही.

यंत्र बंद पडत नाही म्हणजे सगळे स्थिर आहे, असेही नसते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे यंत्रातल्या घडामोडींच्या नोंदवहीत, ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’च्या नोंदी दिसू लागल्या, तर प्रोसेसर चुका करतो आहे आणि त्या तूर्त सावरल्या जात आहेत, एवढाच त्याचा अर्थ. विंडोज कोसळून निळा पडदा येण्याची वाट न पाहता तेव्हाच एक पायरी खाली यावे, आणि प्रयोग सुरू करण्याआधी कामाच्या फायलींची प्रत वेगळ्या ड्राइव्हवर ठेवावी, कारण चुकीची गणिते फायलींतही उतरतात. विंडोज सुरू होताच यंत्र कोसळत असेल तर सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज मोजक्याच गोष्टींवर सुरू करून, वेग वाढवणारे सॉफ्टवेअर काढावे. बदल बायोसमध्ये केलेले असतील आणि पडदा काळाच राहत असेल, तर चार्जर काढून पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे; तेवढ्याने भागले नाही तर कारागिराकडून बॅटरी आणि बोर्डवरचा छोटा सेल काही वेळ सोडवून घ्यावा लागतो. सेल काढला की सेटिंग बहुधा मूळपदावर येतात, पण आपण जपून लावलेले आकडेही पुसले जातात. म्हणून माझ्या लॅपटॉपच्या पोटाला चिकटपट्टीखाली एक चिठ्ठी आहे : मूळ गुणक, मूळ वीजमर्यादा आणि मे महिन्यात टिकलेला वेग.