तेरा की चौदा? मराठी वेबसाइट तपासायची माझी हत्यारं

सांगलीतल्या एका बेदाणा व्यापाऱ्यांची वेबसाइट मी केली होती. आठवड्याभराने त्यांचा फोन आला. "ताई, 'शेतकऱ्यांसाठी' असं शोधलं की काहीच येत नाही हो." शब्द पानावर ढळढळीत दिसत होता आणि सर्च मात्र शून्य दाखवत होता.

क्रोममध्ये एफ१२ दाबून कन्सोल, म्हणजे कोड चालवून बघायची खिडकी, उघडला. पानावरचा शब्द तिथे चिकटवून त्याची लेंग्थ, म्हणजे त्यात चिन्हं किती, विचारली, तर १४. तोच शब्द स्वतः टाइप करून विचारली, तर १३. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे! भानगड होती 'ऱ्य'मध्ये. हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं ज्या क्रमांकांनी साठवतो त्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतं: एक, 'ऱ' अधिक हलन्त अधिक 'य'; दुसरी, साधा 'र', हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह, आणि 'य'. इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीवर शिफ्ट-जे दाबून 'ऱ' काढणाऱ्याचा पहिला प्रकार होतो. मजकूर त्यांच्या भाच्याने दुसऱ्याच कीबोर्डवर बडवला होता. 'ॲप'चंही तेच. 'ॲ' हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीची 'अ' अधिक चंद्र ही जोडणी अजून सर्रास सापडते.

एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराचे वेगवेगळे लिखाण एकसारखं करायची युनिकोडची ठरलेली रीत) लावलं की सुटेल असं वाटतं, पण या दोन्हींना ते हात लावत नाही. म्हणून आपणच चार ओळींचं फंक्शन लिहायचं: 'र'-हलन्त-जॉइनर दिसलं की 'ऱ'-हलन्त करा, 'अ' अधिक चंद्र दिसलं की 'ॲ' करा. मजकूर साठवताना एकदा आणि सर्चच्या चौकटीतल्या शब्दावर एकदा, दोन्हीकडे चालवायचं. एकाच बाजूला चालवलंत तर गोंधळ वाढतो (विचारू नका कसं कळलं).

तेव्हापासून माझ्या नोट्समध्ये एक वाक्य कायम असतं: "शेतकऱ्यांनी ॲपवर उत्कृष्ट बेदाण्याचा दर ₹४५० लिहिला, सर्वांनी तो श्रद्धेने वाचला." इंग्रजी नमुना मजकूर टाकून डिझाइन पास करून घेण्याची सवय सोडा. हे वाक्य मथळ्यात, बटणावर, तक्त्यात, सगळीकडे टाकून बघा. लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधली जादा जागा, दिलं असेल तर शिरोरेघेचे तुकडे पडलेले लगेच दिसतील. देवनागरीला ते शून्यच ठेवायचं. लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, १.२ असेल तर वरचे रफार आणि खालचे उकार एकमेकांच्या अंगावर येतात. मी १.६ पासून सुरुवात करते.

फॉन्टसाठी गूगल फॉन्ट्स पुरेसं आहे. मजकुराला मुक्ता, ठसठशीत मथळ्याला बलू २. दोन्ही मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे. छापील पुस्तकाचा तोंडवळा हवा असेल तर टिरो देवनागरी मराठी. त्याचे हिंदी आणि संस्कृत अवतार वेगळे आहेत, नाव नीट वाचून घ्या. एचटीएमएलच्या पहिल्याच टॅगमध्ये भाषा 'एमआर' (mr, म्हणजे मराठी) लिहायला विसरू नका. फॉन्टमध्ये सोय असेल तर तेवढ्यावर 'ल' आणि 'श' शाळेत गिरवलेल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे.

आपण मागितलेला फॉन्ट खरंच लागलाय का, हे डोळ्यांनी ठरवू नका. शब्दावर राइट क्लिक, इन्स्पेक्ट, कम्प्युटेड टॅब, आणि अगदी तळाशी रेंडर्ड फॉन्ट्स. तिथे प्रत्येक फॉन्टपुढे त्यातली किती अक्षरं वापरली तेही येतं. एकाच मराठी वाक्यात दोन नावं दिसली की समजायचं, एखादं चिन्ह फॉन्टमध्ये नाही आणि ब्राउझरने ते शेजाऱ्याकडून उसनं आणलंय. माझ्याकडे बहुतेक वेळा ते ₹ निघालं.

दरपत्रकातले आकडे हाताने देवनागरीत करत बसू नका. जावास्क्रिप्टमधल्या आकडे मांडून देणाऱ्या इंटल नंबरफॉरमॅटला (Intl.NumberFormat) 'एमआर-आयएन' (mr-IN, म्हणजे भारतातली मराठी) सांगा. १२,३४,५६७ असे आपल्या पद्धतीचे स्वल्पविराम आणि आपले अंक दोन्ही मिळतात.

फोटोंच्या फाइल हलक्या करायला स्क्वूश ही साइट. ब्राउझरमध्येच चालतं, फोटो कुठे अपलोड होत नाही. कोड अडला तर एमडीएन ही माहितीची साइट, एखादी सोय जुन्या ब्राउझरवर चालेल का अशी शंका आली तर कॅन आय यूज. यावर जास्त काय लिहायचं, सगळेच वापरतात.

क्लायंटने जुन्या डीटीपी (छपाईच्या मांडणीसाठीच्या, युनिकोड नसलेल्या) फॉन्टमधली फाइल दिली तर मात्र आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या, आणि नंतर कुणाकडून तरी ओळ न् ओळ वाचून घ्या. कन्व्हर्टर जोडाक्षरांत हमखास चुकतो. त्या वाचनाचे पैसे कोटेशनमध्ये वेगळे लावायचे.

शेवटची तपासणी क्लायंटच्या स्वतःच्या फोनवर. त्या बेदाणावाल्या काकांनी फोनमधली अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवली होती. मेनूतला 'संपर्क' घसरून खालच्या ओळीत गेला, तो मी त्यांच्या पेढीवर बसूनच नीट केला.