गोव्यात स्टुडिओ काढायचा तर आधी पावसाळा धरा

फोटो आणि व्हिडिओचा स्टुडिओ काढायचा म्हणून माझ्याकडे चौकशीला येणारी मुले पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा विचारतात. कोणत्या कंपनीचा घ्यावा, केवढ्याचा, नवा की सेकंडहँड. मी त्यांना उलट विचारते, जून ते सप्टेंबर काय करणार? गोव्यात हा धंदा अडचणीत येतो तो याच चार महिन्यांत. लग्ने थांबतात, भाडे थांबत नाही, आणि कपाटात ठेवलेल्या लेन्सवर बुरशी चढते. म्हणून जागा, सामान, पैसा आणि कामे ही सगळी आखणी पावसाळा समोर ठेवून करायची. माझा स्टुडिओ फोंड्यात आहे. वडिलांच्या काळात जिथे डार्करूम होती तिथे आता एडिटिंगची खोली आहे. पुढचे सगळे त्याच अनुभवातून सांगते.

जागा जुलैत बघा

उन्हाळ्यात प्रत्येक खोली कोरडी दिसते. रंग ताजा मारला असेल तर भिंतीने गेल्या वर्षी किती पाणी ओढले ते कळत नाही. जुलैच्या मध्यावर, दोन-तीन दिवस सलग पाऊस पडून गेला की जागा बघायला जा. भिंतीवर तळहात ठेवा, कोपऱ्यात वास घ्या, खिडकीच्या वरच्या पट्टीखाली ओघळ आहेत का बघा. चिऱ्यांच्या जुन्या घरांत तळमजल्याच्या भिंती जमिनीतून ओल वर खेचतात, तिला रंगाने आवर बसत नाही. गिऱ्हाईक रस्त्यावरून सहज आत यावे म्हणून तळमजला हवाच असेल, तर पासपोर्ट फोटोचा काउंटर खाली ठेवा आणि शूटिंगची खोली व सामान पहिल्या मजल्यावर न्या. वर पत्रा असेल ती जागा व्हिडिओसाठी घेऊ नका. पाऊस पत्र्यावर वाजू लागला की मुलाखत, गाणे, कीर्तन यातले काहीच रेकॉर्ड करता येत नाही.

खोलीची लांबी अंदाजाने ठरवू नका, हिशोब मांडा. उभ्या माणसाचा डोक्यापासून पायापर्यंत फोटो घ्यायचा म्हणजे फ्रेमची उंची साधारण दोन मीटर. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा उभा धरून त्यावर ५० एमएमची लेन्स लावली तर माणसापासून पावणेतीन मीटर लांब उभे राहावे लागते, ८५ एमएमची लावली तर पावणेपाच मीटर. माणूस आणि मागचा पडदा यांत किमान दीड मीटर मोकळे हवे, नाहीतर सावली पडद्यावर पडते. फोटोग्राफरच्या पाठीमागेही मीटरभर जागा लागते. म्हणजे ५० एमएमवर काम करणाऱ्याला अठरा फूट खोली जेमतेम पुरते आणि ८५ एमएम वापरायची तर चोवीस फूट लागतात. छत दहा फुटांच्या खाली नसावे, कारण दिवा डोक्याच्या वर तिरका लावावा लागतो आणि सॉफ्टबॉक्स (दिव्याला लावायची प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी) छताला टेकला की प्रकाश हवा तसा वळवता येत नाही. कागदी बॅकड्रॉपचा मोठा रोल २.७२ मीटर रुंद येतो, तो आडवा टांगून दोन्ही बाजूंना स्टँड राहतील एवढी रुंदी धरा.

आपल्याकडच्या जुन्या घरांत लाल कोबा असतो. दिसायला देखणा, पण त्यावर पडलेला प्रकाश लाल होऊन परततो आणि हनुवटीखाली, नाकाखाली तांबूस छटा येते. फिकट साडीतल्या किंवा पांढऱ्या गाऊनमधल्या नवरीच्या कपड्यांवर ती लगेच दिसते. कोबा उखडू नका, शूटिंगच्या जागेपुरते करड्या रंगाचे विनाइल अंथरा. भिंतींना पांढरा किंवा करडा याखेरीज कोणताही रंग देऊ नका.

बुरशी

या विषयावर मी थोडे जास्त लिहिणार आहे, कारण पुण्या-मुंबईच्या लोकांकडून शिकून आलेल्यांना याची कल्पना नसते. बुरशीचे बीज हवेत सगळीकडे असते. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली आणि लेन्स अंधारात पडून असली की ते रुजते. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता दिवसेंदिवस ८०-९० टक्के असते. आधी काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसतात. तेवढ्यात लक्ष गेले तर लेन्स उघडून साफ करता येते. उशीर झाला तर बुरशीतून सुटणारे आम्ल काचेवरचा लेप खाते आणि मग साफ करूनही डाग राहतो.

उपाय ड्राय कॅबिनेट. विजेवर चालणारे लहान कपाट असते, त्यात आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवायची. त्याहून फार कोरडेही नको, ३० टक्क्यांच्या खाली रबर आणि आतले वंगण सुकते. पहिल्या वर्षी कपाट परवडत नसेल तर स्वयंपाकघरात वापरतो तसा घट्ट झाकणाचा मोठा डबा घ्या, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि आत छोटा आर्द्रतामापक ठेवा. जेलचा रंग बदलला की ते ओले झाले. ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास दोनेक तास तापवले की ते पुन्हा वापरता येते. कॅमेऱ्यासोबत येणारी चामड्याची केस पावसाळ्यात डब्यात ठेवू नका, चामडे ओल धरते आणि बुरशी तिथूनच पसरते. आठवड्यातून एकदा प्रत्येक लेन्स बाहेर काढा, टॉर्च मागून धरून आतून बघा, उजेडात वापरा. वापरातल्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.

एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की थंड काचेवर वाफ जमते. हॉलमध्ये लग्न असेल तर बॅग बंद ठेवूनच बाहेरच्या हवेत अर्धा तास आधी आणा. किनाऱ्यावर लेन्स बदलू नका. घरी आल्यावर ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुवा आणि कॅमेऱ्याचे अंग किंचित ओल्या, मग कोरड्या फडक्याने पुसा. मिठाचा थर दिसत नाही, पण पेच गंजायला लागतात.

विजेचेही इथेच सांगते. मे महिन्यातल्या वळिवात आणि ऑक्टोबरात विजा चमकतात तेव्हा सगळे प्लग काढून ठेवायचे. कॉम्प्युटरला यूपीएस, एसी आणि दिव्यांना स्टॅबिलायझर, आणि अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमवर आणि शटर १/५० सेकंद ठेवले तर पट्टे येत नाहीत. मोबाइलवाले ३० फ्रेम आणि १/६० वर घेतात तेव्हा देवळाच्या एलईडी माळा लुकलुकताना दिसतात त्या याच कारणाने.

वर्षाचे वेळापत्रक

हिंदू लग्नांचा हंगाम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो आणि चातुर्मास लागला की संपतो. ख्रिस्ती लग्ने नाताळाआधीच्या आगमनकाळात आणि ईस्टरआधीच्या उपवासाच्या चाळीस दिवसांत बहुतेक टाळतात, त्यामुळे ती नाताळानंतर आणि पुन्हा एप्रिल-मेमध्ये एकत्र येतात. गोव्यातल्या स्टुडिओला दोन्ही घरांची रीत माहीत हवी. ख्रिस्ती घरात लग्नाआधी रोस असतो, नारळाचा रस अंगाला लावतात, तिथे कॅमेऱ्याला प्लास्टिकचे आवरण घालून जा. चर्चमध्ये फ्लॅश चालेल का आणि कुठपर्यंत पुढे जायचे हे पाद्रींना आदल्या दिवशी विचारा. देवळात लग्न असेल तर देवस्थानच्या समितीला विचारा, आणि गर्भकुडीकडे, म्हणजे गाभाऱ्याकडे, कॅमेरा वळवू नका. शिवाय आपल्याकडे सिव्हिल रजिस्ट्रारकडे लग्ननोंदणीच्या सह्या असतात. घरच्यांना त्या दिवसाचेही चार फोटो हवे असतात. पॅकेजमध्ये ते धरून ठेवा.

हंगामात येणाऱ्या पैशातून चार महिन्यांचे भाडे, पगार, वीज आणि हप्ता मृगाआधी वेगळ्या खात्यात बाजूला पडले पाहिजेत. मी स्वतः प्रत्येक लग्नाच्या पहिल्या हप्त्यातून तेवढा भाग काढून ठेवते आणि त्याला हात लावत नाही. नवा कॅमेरा घेण्याचा विचार करायचा तो हे पैसे जमल्यानंतर.

पावसातली कामे वेगळी शोधावी लागतात. पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो बारमाही आहेत, आणि गोव्यात त्यांची मागणी मोठी. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्यांना ओसीआय कार्डासाठी (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचे कार्ड) ५१ बाय ५१ मिलिमीटरचा चौकोनी फोटो लागतो, युरोपच्या शेंगेन व्हिसाला ३५ बाय ४५. मापांचा तक्ता काउंटरवर लावून ठेवा, कारण फोटो नाकारला गेला तर माणसाची तारीख हुकते. काजू, कोकम, फेणी, मसाले विकणाऱ्या छोट्या उद्योजकांना ऑनलाइन विक्रीसाठी फोटो हवे असतात, ते घरात, पावसात निवांत होतात. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, माटोळीचे (गणपतीच्या वर टांगलेल्या फळापानांच्या आराशीचे) आणि घरातल्या चार पिढ्यांचे एकत्र फोटो घेऊन ठेवा. परदेशात राहणारी मुले चवथीलाच घरी येतात, म्हणून कुटुंबाचा पूर्ण फोटो मिळण्याची संधी वर्षात तेवढीच. हे काम मला फार जवळचे वाटते आणि माझ्या मते त्याची किंमत कमी लावू नये. उत्सवी नाटके आणि भजनी मंडळे यांचे व्हिडिओ मिळवा. नाटकाचा आवाज कॅमेऱ्याच्या माइकवर कधी भागत नाही. साउंडवाल्याकडून मिक्सरची लाइन घ्या आणि प्रेक्षकांत एक वेगळा रेकॉर्डर ठेवा, दोन्ही मिसळले की टाळ्या आणि संवाद दोन्ही जिवंत राहतात.

कागद

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. पंचायत किंवा पालिकेचा व्यापार परवाना, दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद आणि व्यावसायिक वीजजोडणी आधी करून घ्या. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते. भांडवलासाठी मुद्रा कर्ज आहे, आणि ईडीसी या गोवा सरकारच्या वित्त महामंडळामार्फत मुख्यमंत्री रोजगार योजनाही आहे. दोन्हीकडे सामानाची कोटेशन आणि जागेचा भाडेकरार मागतात.

ड्रोन घेताना वजन बघा. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही, त्याहून जड ड्रोन पैसे घेऊन उडवायचा तर लागते. सरकारी नकाशावर हिरव्या दाखवलेल्या क्षेत्रात (ग्रीन झोन) ४०० फुटांपर्यंत उडवता येतो, पण दाबोळी हा नौदलाचा तळ आहे आणि मोपालाही विमानतळ आहे, त्यामुळे प्रत्येक वेळी डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोनविषयक संकेतस्थळावरचा नकाशा उघडून बघितल्याशिवाय तारीख देऊ नका. जुन्या गोव्यातल्या चर्चच्या आवारात ट्रायपॉड लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. पणजीतल्या फोंताइन्हास या जुन्या वस्तीत लोक राहतात, त्यांच्या पायऱ्यांवर जोडप्याला बसवण्याआधी दार वाजवून विचारा.

करार लेखी हवाच. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो, वेगळे काही ठरलेले नसेल तर. म्हणजे नवरीचा फोटो आपल्या शोकेसमध्ये लावायचा तर तिची लेखी परवानगी करारातच घ्या. तिने नाही म्हटले तर तो विषय तिथेच सोडा. पैसे तीन भागांत घ्या: तारीख पक्की करताना, लग्नाच्या आदल्या दिवशी आणि अल्बम हातात देताना. पाऊस किंवा आजारपणाने तारीख बदलली तर काय, हेही त्याच कागदावर.

शूटिंग दोन कार्डांवर एकाच वेळी करा. फोर-के व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिटवर घेतला की तासाला ४५ जीबी भरतात, लग्नाच्या दिवसाला त्या हिशोबाने कार्डे न्या. घरी आल्यावर झोपण्याआधी दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि तिसरी प्रत दुसऱ्या घरात किंवा क्लाउडवर ठेवा. कार्ड पुसायचे ते तिन्ही प्रती उघडून बघितल्यावर. डिस्कही ड्राय कॅबिनेटच्या खालच्या कप्प्यात ठेवा. करारात लिहा की अल्बम दिल्यानंतर एक वर्ष मूळ फाइल तुमच्याकडे राहतील, आणि वर्ष संपण्याच्या महिनाभर आधी त्या घरी फोन करा.