घरचं बायोडिझेल: पिंपात साबण का होतो?

पावसाळ्यात कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या माझ्या शेडवर कोणी ना कोणी कॅन घेऊन येतंच. आत दह्यासारखं काहीतरी घट्ट झालेलं असतं आणि प्रश्न ठरलेला, "काका, हे डिझेल का होईना?" टायट्रेशन केलंस का, असं विचारलं की पोरगं खाली बघतं. व्हिडिओत केलं नव्हतं म्हणे.

खाण्याच्या तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घातला की वर बायोडिझेल, म्हणजे डिझेलच्या इंजिनात चालणारं इंधन, येतं आणि खाली ग्लिसरीन बसतं. कृती एवढीच आहे, म्हणूनच घात होतो. सोपी वाटते म्हणून लोक घाई करतात, आणि इथली चूक होते एका ठिकाणी, दिसते भलत्याच ठिकाणी. तयार बायोडिझेल शेवटी पाण्यानं धुताना जे बिघडतं ते बहुतेक वेळा दोन दिवस आधी तेलातच बिघडलेलं असतं.

ताज्या तेलाला लिटरमागं ३.५ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. हा आकडा सगळ्यांना तोंडपाठ. पण रंकाळ्यावरच्या भजीच्या गाड्यावरून आणलेलं तेल ताजं नसतं. तळून तळून त्यात मुक्त आम्ल वाढतं आणि ते आधी आपल्या वाट्याचं कॉस्टिक खाऊन टाकतं. किती खातं, ते गाड्यागणिक वेगळं. ते मोजायचं म्हणजेच टायट्रेशन, आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही. १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात १ ग्रॅम कॉस्टिक विरघळवून ठेवा. १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये १ मिली तेल घाला आणि ते कॉस्टिकचं पाणी सिरिंजनं थेंब थेंब सोडा. रंग दाखवायला फिनॉल्फ्थॅलीन नसलं तरी अडत नाही. शेजारी सांगली आहे, हळदीला तोटा नाही. अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या हळदीचे चार थेंब पुरतात. हळदीला चुना लागला की कुंकू होतं ना, तसंच हे. पिवळ्याचा लाल झाला आणि अर्धा मिनिट टिकला की थांबा. जेवढे मिली गेले तेवढे ग्रॅम ३.५ मध्ये मिळवा, झाला लिटरचा हिशोब. मी प्रत्येक डब्याचं तीनदा करतो आणि डब्यावर खडूनं लिहून ठेवतो. वजनाला सोनाराकडं असतो तसला छोटा काटा घ्या. चमच्यानं कॉस्टिक मोजणाऱ्याशी मी बोलत नाही.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो, म्हणजे मी नुसता उपदेश करतोय असं वाटायला नको. एका जुलैत ४० लिटर तेल घेतलं. टायट्रेशन २.५ आलं, म्हणजे ६ ग्रॅमनं २४० ग्रॅम कॉस्टिक. हिशोब चोख होता. पण तेलाचं पिंप आठवडाभर पत्र्याच्या गळक्या कोपऱ्यात उभं होतं आणि कॉस्टिकची पिशवीही नीट बांधलेली नव्हती. तेल वरून आरशासारखं स्वच्छ दिसत होतं, मग तापवून पाणी काढायचा कंटाळा केला. रात्री मिश्रण करून घरी गेलो. सकाळी झाकण काढलं तर पिंपात खरवस! पळी उभी रोवली तर हलेना. तेलात पाणी असलं की कॉस्टिक बायोडिझेल करायचं सोडून साबण करत बसतं. ते खोऱ्यानं खरवडून काढायला दोन दिवस गेले. घरून सूचना आली, "भांडी घासायला तरी आणा." आणला नाही. त्यात मिथेनॉल असतं, घरात आणायची वस्तू नाही ती.

तेव्हापासून माझा नेम आहे. तेल ६० अंशांपर्यंत तापवायचं, रात्रभर ठेवायचं आणि खालच्या तोटीनं तळातलं पाणी-गाळ सोडून द्यायचा. मग तापलेल्या तव्यावर थेंबभर टाकायचं. तडतडलं तर पाणी आहे, परत तापवा. गुपचूप पसरलं तर पुढं जा. पावसाळ्यात मी नवी बॅच लावतच नाही, पण हे ऐकतो कोण?

याच पाण्याचा दुसरा भाऊ म्हणजे आपल्याकडचा लाडका प्रश्न, "एवढे साखर कारखाने आहेत, मिथेनॉलऐवजी स्पिरिट चालेल का?" नाही चालणार. रेक्टिफाइड स्पिरिटमध्ये ५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, म्हणजे पुन्हा खरवस. पूर्ण कोरड्या इथेनॉलनं होतं, पण नवशिक्याच्या हातून होत नाही.

मिथेनॉलबाबत मात्र थट्टा नको. ते ६५ अंशांना उकळतं, त्यामुळं तापलेलं तेल ५५ अंशांपर्यंत उतरल्याशिवाय ते ओतायचं नाही. त्याची ज्योत उन्हात दिसत नाही, म्हणून शेगडी आधी बंद, नुसती बारीक करून भागत नाही. पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ते कधीही भरू नका, कोणीतरी तहानेनं उचलेल. ते रीतसर परवाना असलेल्या माणसाकडूनच घ्या. कॉस्टिक मिथेनॉलमध्ये मिसळायचं ते जाड एचडीपीई प्लास्टिकच्या कॅनमध्ये, उघड्यावर, चष्मा आणि हातमोजे घालून. ॲल्युमिनियमचं पातेलं कॉस्टिक खातं. तेवढं एक आईच्या स्वयंपाकघरातून उचलू नका.

धुताना ताक घुसळल्यासारखं घुसळू नका. पांढरा फेसाळ लगदा होतो आणि तीन दिवस फाटत नाही. मी पहिलं पाणी बागेच्या झारीनं वरून हलकं शिंपडतो, खाली बसू देतो, सोडून देतो. फेस झालाच तर कोमट मिठाचं पाणी घालून बाजूला व्हा. पण हलक्या हातानंही पुन्हा पुन्हा फेस होत असेल तर दोष पाण्याचा नाही, तेल अर्धवट राहिलंय. म्हणून धुण्याआधीच २७ मिली मिथेनॉलमध्ये ३ मिली बायोडिझेल घालून बघा. सगळं विरघळलं तर ठीक. तळाला थेंब बसले तर ते कच्चं तेल, थोडं मिथेनॉल-कॉस्टिक घालून आणखी एक फेरी करा. बाटलीमागं पेपर धरून बातमी वाचता आली की झालं, असं काही जण सांगतात. त्यातून पाणी गेलंय एवढंच कळतं. पेपर गोड्या तेलातूनही वाचता येतो.

बाकी किरकोळ. इंजिनाचे जुने रबरी होज बायोडिझेलनं फुगतात, ते बदला. टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सुटतो, तेव्हा सुरुवातीला एक फिल्टर जास्तीचा ठेवा. पामतेलाचं बायोडिझेल थंडीत तुपासारखं गोठायला लागतं. डिसेंबरात पहाटेच्या पाण्याच्या पाळीला ऑइल इंजिन सुरू होईना म्हणून मला शिरोळवरून फोन आला होता. फिल्टर उघडला तर आत लोणी. थंडीत २० टक्के बायोडिझेल, बाकी साधं डिझेल, असं वापरा. आणि विकायच्या भानगडीत पडू नका. बाजारातल्या बायोडिझेलला आयएस १५६०७ हे मानक आहे, आपल्या पिंपातल्या मालाला फक्त आपला शब्द.

खालचं ग्लिसरीन आणि धुण्याचं पाणी गटारात सोडलं तर ते शेवटी पंचगंगेतच जातं. ग्लिसरीन मी शेडमागं, विस्तवापासून लांब, उघड्या टबात मिथेनॉल उडेपर्यंत ठेवतो. कॉस्टिक सोड्याऐवजी कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) वापरलेलं असेल तर नंतर ते थोडं थोडं कंपोस्टच्या खड्ड्यात जातं.